विजयमालेचा दगड

न्हाई भाऊसो, मराठीत न्हाई — ह्या कागदावरचीच अक्षरं कोरायची. पुदिका. वाचता येत न्हाई म्हणून काय झालं, जशी हायत तशी उतरवा की. पलटणीत आमाला इंग्रजी अक्षरं शिकवली, पण ह्यो शब्द लॅटिन हाय. इटलीत जखमी पडलो हुतो, तवा तिथल्या एका बाईच्या थडग्यावर बघितला. पाद्री म्हणला, लाजरी, मर्यादेनं ऱ्हाणारी बाई, असा अर्थ. गड्याला लावायचा तर शेवट बदलतो म्हणं — पुदिकुस. मी हसलो. म्हणलं, गड्याला कशाला लागतोय?

दगड कुणाचा? माझ्या बायकोचा, विजयमालेचा. विहिरीच्या पायरीवरनं घसरली — गावाला तसंच सांगितलंय. सांगितलंय म्हंजी — आवं, चार वर्सांनी लढाईवरनं घरी आलो, आन् बघतो तर दांडीवर परक्या गड्याचा सदरा. कुणाचा? म्हणली, पोलिसांपासनं लपलेला एकजण ऱ्हायला हुता, भाऊ मानलाय. म्हणलं, नाव सांग. गप. कानाखाली हाणली — गप. आणिक हाणली, व्हट फुटला. मग म्हणती कशी, त्येंचं नाव मला घेता येत न्हाई. घेता येत न्हाई! माझं डोस्कं फिरलं. कोपऱ्यातलं मुसळ उचललं. तिनं हात आडवा घातला, त्यो मोडला — आवाज ऐकला मी. थांबायचं का न्हाई? न्हाई थांबलो. नाव सांग, नाव सांग — दर घावाला तेवढंच. खाली पडली तरी पदर डोक्यावर वढत हुती, भाऊसो. रक्तानं भिजून चिकटलेला, तरी वढत हुती. मग तिचा वढणारा हात थांबला. मीच उचलून विहिरीत टाकली.

दहाव्याच्या दिवशी त्यो माणूस आला. ताईनं माझा जीव वाचवला म्हणून लय रडला. मी त्येला नाव इचारलं. नाथाजी म्हणला.

माझंच नाव. आमच्यात कुठली बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेती? घेता येत न्हाई म्हणली, ते खरंच हुतं. मी हाडं मोडत हुतो आन् ती माझा मान राखत हुती.

असं बघू नका माझ्याकडं. फौजदाराकडं जायचं तर जावा, मी हितंच बसतो. पण आधी कागदावरची सहा इंग्रजी अक्षरं पुरी करा. आन् खाली नाथाजीची बायको असलं काय कोरू नका. तिनं मरताना घेतलं न्हाई ते नाव, तुमीबी दगडावर घेऊ नका. घ्या छिन्नी.