जावईबापूंची विहीर

बस, बस, बूट काढू नकोस, तुला परत बाहेरच जायचंय — काय म्हणालास? सापडलं? सापडलं म्हणे! अरे तिलेन, घरामागच्या उतारावर मी पिठाचं पोतं पुरलं, पोत्यात ते टकटक करून गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र घातलं, बर्फाखालचा माणूस समजून शोध म्हटलं — आणि तू काय केलंस? आपलं यंत्र टकटक करतंच ठेवून उतारभर कान लावून हिंडलास, सापडलं ते नशिबानं. अख्खं खोरं या यंत्राला सुतारपक्षी म्हणतं ते उगाच? दुसऱ्याची टकटक ऐकायची तर आपली आधी बंद करावी लागते, शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या त्या ल्युब्लियाना शहरात एवढे भारी कपडे मिळतात, अक्कल नाही मिळत वाटतं?

आणि खणलंस कसं! वरून, सरळ खाली — जावईबापूंनी विहीर पाडली! वर उभं राहायचं नसतं रे, उताराच्या खालच्या अंगानं आडवं घुसायचं. खाली माणूस असतो, तोंडापुढं एवढीशी हवा असते त्याच्या, आणि वर तुझे हे बूट — माझ्या येर्नेयच्या वेळी चौघं उभे होते. चांगली माणसं, रडत रडत खणत होती, त्याच्याच छातीवर — जाऊ दे. तुला कशाला सांगतेय मी.

हं, बघतोस काय असा? तुला वाटतं, म्हातारी बर्फावर खार खाऊन आहे? छे! नवरा गिळला त्यानं माझा, तरी पहिला बर्फ पडला की अंगणात जीभ बाहेर काढून उभी राहते मी — लाजच नाही मला. माझ्या लेकीत, झीवात तेच उतरलंय. कुणाच्या स्कीची रेघ न उमटलेला उतार दिसला की पोरगी थांबायची नाही, बापाची आठवण काढून बघ, थांबते का! मी अडवून पाहिलं, मग नाद सोडला. आणि निघालीय कुणाबरोबर, तर तुझ्यासारख्या बावळटाबरोबर. उद्या ती खाली गाडली गेली तर वर कोण असेल? मी? नाही. तू. नुसता तू. म्हणून टाकून बोलतेय, कळलं? भीती वाटते मला!

पोतं राहू दे आता. खुंटीवरचं ते निळं जाकीट काढ — हो, झीवाचंच. यंत्र त्यात घाल. मी पुरते, तू शोध. घे ना! — आता आपली टकटक बंद आहे का, ते पुन्हा पुन्हा का बघतोयस? पोत्याच्या वेळी तर शीळ घालत होतास.

बरं झालं. चल, निघ बाहेर. दार लाव.