सालेमचे मामा

आखातात सरहद्दी पुसल्या म्हणता ना? मग हे ऐकाच. मस्कतला अल खुवैरमध्ये शेजारच्या ऑफिसातला ओमानी सालेम हा माझा एकुलता एक दोस्त. दुपारी आम्ही हॉटेलात एकाच मोठ्या थाळ्यात भात खायचो आणि हिंदीत गप्पा मारायचो. आखाती देशांची एक बाजारपेठ झाली, तिथल्या नागरिकांना कुठल्याही आखाती देशात काम करता येऊ लागलं आणि सालेमला दुबईत नोकरी लागली. ओमानमधली पेन्शनही तुटणार नव्हती.

मी तावातावाने म्हणालो, "कामगाराला असंच मोकळं जाता आलं पाहिजे!"

"मग तूही चल ना! तिथे तुझ्यासाठीही जागा आहे."

"मी इंडियन, सालेम. माझ्या मालकाने, अर्बाबने, ना हरकत पत्र दिल्याशिवाय मला हलता येत नाही. पासपोर्टसुद्धा त्याच्याच कपाटात आहे."

"हा तर जुलूम झाला!" सालेम भडकला. "अर्बाबचं नाव सांग, आत्ता जाऊन भांडतो."

मी नाव सांगितलं. ते त्याचे सख्खे मामा निघाले.

सालेमने हातातला घास खाली ठेवला. "मामा मनाने चांगले आहेत," तो म्हणाला. "बोलतो मी. इन्शाल्ला."

तो दुबईला गेला. हॉटेलवाला मात्र सवयीने मोठाच थाळा आणत राहिला. मी माझ्या बाजूचा भात खायचो. त्याची बाजू तशीच परत जायची.