गया म्हणे

(लातूरच्या डाळ मिलमध्ये निवडणीचं काम केलेल्या गयाबाईंनी सांगितलं, तसं.)

मपलं माहेर लोह्याकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. बाप वस्तीत भीमजयंतीला ढोलकी वाजवायचा, गाणी करायचा, अन् मी पोर असतानाच ओळीला ओळ जोडायची, बाप म्हणायचा ही भांडते ते बी तालात भांडते. मग लगीन झालं ते लातूरकडं. नवऱ्याचं नाव लिंबाजी. नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, ठावं हाय मला, पण मी घेते.

लगीन होऊन दोन सालं झाली न झाली तर तो मोठा दुष्काळ पडला. काय सांगू तुमाला, विहिरीत बादली सोडली की दगडावर वाजायची. सरकारनं तलावाचं काम काढलं, तिथं आमी दोघं खडी फोडायला. दुपारला सुकडी द्यायचे, पिवळी, गोडूस, ती पदरात घ्यायची अन् खडीच्या ढिगावर बसून खायची. हातोडीच्या ठेक्यावर मला ओळी सुचायच्या, बाया म्हणायच्या गया, म्हण, की मी म्हणायची. शेवटच्या कडव्यात मपलं नाव घालायची, कारण गाणं करणाराचं नाव शेवटी येतं, ती रीतच हाय, मपला बाप बी घालायचा. पाटीत खडी, पदरात सुकडी, गया म्हणे बाई माझी वाट वाकडी. असं.

लिंबाजीचा गळा मात्र लई गोड, खोटं कशाला बोलू. दुष्काळ सरला तसं आमी लातूरला आलो, तो मोंढ्यात हमाल, मी डाळ मिलमध्ये. मोंढ्यामागं शिंदीचं दुकान होतं. बाजारच्या दिवशी दुपारी माल उतरला की हमाल, गाडीवान सगळे तिथं जमायचे अन् लिंबाजी ढोलकी घेऊन मधी बसायचा. गाणी मपली. आमच्या घरातल्या बाईनं तिथं पाऊल टाकायचं न्हाई, पंचशील घेतलेली माणसं आमी. पिण्यावरून मी त्याला लई बोलायची, पण गाण्यासाठी गप बसायची. घरी आला की पहिलं विचारायची, शेवटचं कडवं म्हणलं का? तो म्हणायचा हाव. मग माणसं काय म्हणली? तो म्हणायचा गया म्हणे आलं की सगळे माना डोलावतात, एक म्हातारा गाडीवान तर डोळे पुसतो, म्हणतो ही गया कोण हाय तिच्या पाया पडलं पाहिजे. हे मी धा वर्षं ऐकलं, धा वर्षं. मिलमध्ये धुळीनं डोळे चुरचुरायचे, मुकादम तोंडाला येईल ते बोलायचा, पण मनात असायचं की तिकडं कुणीतरी मपलं नाव ऐकून राहिलंय. त्याच्यावर जगले म्हणा की.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले. दुकानाच्या मालकानं शिंदीचं दुकान पाडून परमिट रूम काढली, वर पाटी, आत पंखे, खुर्च्या, अन् दर शनिवारी संध्याकाळी गायन. गायला लिंबाजीच, इस्त्रीचा सदरा घालून. अन् एका अंगाला प्लायवूडची भिंत घालून फॅमिली रूम केली, साहेबांच्या बायका तिथं बसून गाणं ऐकायच्या. मला कळलं तशी मी म्हणले मग मी बी येते. तो म्हणला नको. का म्हून नको? म्हणला तिथं मोठी माणसं असतात, तुझं लुगडं बघ. मला वाटलं मपली लाज वाटते याला. चार शनिवार ऐकलं त्याचं. पाचव्याला शेजारच्या शांताबाईला संगं घेतलं अन् गेले.

वेटर दारात आडवा आला. मी म्हणले फॅमिलीच हावं आमी, गाणाऱ्याची. बसलो. भिंतीपलीकडं ढोलकी लागली, अन् मपल्या ओळी, ज्या मी कधी दुसऱ्याच्या तोंडून माणसांत ऐकल्या नव्हत्या, त्या याय लागल्या. शांताबाईचा हात धरला, म्हणले आता शेवटचं कडवं, ऐक. अन् तो गायला, लिंबा म्हणे बाई माझी वाट वाकडी.

मला वाटलं साहेबांपुढं गडबडला. दुसरं गाणं झालं. लिंबा म्हणे. तिसरं. लिंबा म्हणे. मी उठून बाहेर आले, तर दाराशी एक म्हातारा हमाल बसलेला. विचारलं, भाऊ, शिंदीच्या दुकानापासून ऐकता का? हाव, पहिल्यापासून. मग तवा गया म्हणे म्हणायचा ना हा? म्हातारा म्हणला कोण गया?

कोण गया! अरे, पदरात सुकडी घेतो म्हणून राहिला बाप्या, लिंबाला पदर कुठून आला, धा वर्षांत एकाला बी विचारावं वाटलं न्हाई?

घरी आला तवा मी भाकरी थापून राहिले होते. म्हणले, लिंबाजी, कोण गया? त्या दिवशी पहिल्यांदा नाव घेतलं त्याचं. तो म्हणला पहिल्या दिवशी तुझंच नाव घेतलं होतं, तर माणसं हसली, बायकोचं गातो म्हणली, तवापासून बदललं. अन् मला का म्हून खोटं सांगत आला? म्हणला तू लई खुश व्हायची, मग सांगवलंच न्हाई. म्हणजे तो डोळे पुसणारा गाडीवान बी खोटा.

त्या दिवसापासून मी त्याला एक ओळ दिली न्हाई. भाकर दिली, दुखण्यात पाठ चोळली, पण ओळ न्हाई. तीच ती गाणी ऐकून गिऱ्हाईक कंटाळलं, मालकानं टेप आणून ठेवला. तो ढोलकी मांडीवर घेऊन दारात बसायचा अन् मपल्याकडं बघायचा. मला सुचायचं, लई सुचायचं, ओठावर यायचं अन् मी गिळायची, त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. तो मरंपर्यंत.

पोरगी विचारते राग गेला का. कुठं जातो? पहिला त्याच्यावर होता, मग हसणारांवर, आता मपल्यावर हाय. तो तर गाऊन गेला की. मी म्हणले आता मोकळ्यानं करावं, तर येतच न्हाई काही.

तुमी म्हणून राहिल्या ताई, एक पुरं गाणं सांगा, लिहून घेते. त्या खडीच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या, बाकी न्हाई आठवत. खरंच न्हाई आठवत. ठेवा ती वही. चहा घ्या. जयभीम.