पायाशी येणारी पाखरं

(डोंगरकडा गावाबाहेरचा गवताळ माळ. १९४१ सालचा पौष, सकाळ. जमीनदार तातेराव, त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची लेक नर्मदा आणि शेजारच्या तांड्यावरची भिकाबाई.)

तातेराव : म्हंजे? उडतच न्हाईत?

नर्मदा : उडतात हो काका. काल संध्याकाळी बाभळीवर बसली होती. पण माणूस दिसला की उडत नाहीत. पळत येतात.

तातेराव : कुनाकडं?

भिकाबाई : मानसाकडंच की, मालक. हे बघा, आलं एक. हलू नका. धोतराला चोच मारंल, दुसरं काही न्हाई.

तातेराव : हाड! हाड! अगं, हा तितर हाय का मांजर?

भिकाबाई : तितरच. गवतातून अंडी मीच आनली अन् माझ्या खुडूक कोंबडीखाली ठिवली. मला वाटलं, कोंबडी फोडून टाकंल. पर तिनं आपलीच समजून उबवली. पिल्लं निघाली तवा मान वाकडी करून बघत बसली, ही असली कशी म्हनून.

तातेराव : कोंबडीचं कौतुक नंतर. परवा नांदेडहून मेहमान येनार हायेत. वकीलसाब, त्यांचे दोन दोस्त, बंदुका. त्यांना काय सांगू? बसा साब, पाखरं मांडीवर येतील?

भिकाबाई : मंग बरंच की. नेम चुकायचा न्हाई.

तातेराव : भिकाबाई, शौकीन मानूस बसलेलं पाखरू मारत न्हाई. आधी हाकारे घालायचे, पाखरू उडवायचं, मंग बार काढायचा.

भिकाबाई : काहून? आमी कोंबडी कापायच्या आधी तिला उडवत न्हाई.

नर्मदा : त्यांना पोटासाठी नको असतं, भिकाबाई. उडतं पाखरू आपल्याला मारता येतं का, ते बघायचं असतं.

भिकाबाई : आन् मारल्यावर खात न्हाईत?

तातेराव : खातात की! मसाला लावून खातात.

भिकाबाई : मंग पोटासाठीच झालं न्हवं? ऱ्हाऊ द्या, मला न्हाई उमजायचं.

तातेराव : नर्मदे, हसू नको. दादा म्हनला व्हता, "तात्या, हा माळ नांगरू नको, एक हिवाळा इथं शिकारगाह करून बघू." मी शब्द दिला. बराबर? मेहमान खुश होऊन गेले, तर माळ असाच ऱ्हाईल. न्हाईतर माघात नांगर घालतो अन् मिरगाला कापसाची पऱ्हाटी लावतो. दादा गेला म्हनून मी शब्द मोडला न्हाई. पर शब्द एका हंगामाचाच हाय.

नर्मदा : माहीत आहे मला. म्हणून तर तुम्हाला आजच बोलावलं. काल टाळ्या वाजवून बघितल्या. मग डबा वाजवला. डबा ऐकून तर जास्तच आली.

भिकाबाई : डब्यात वाळवी असती न्हवं रोज.

तातेराव : वाळवी?

नर्मदा : पिल्लं दाणा खात नव्हती. म्हणून आबा बांधावरची वाळवी खणून आणायचे. खाली बसून जिभेनं टक् टक् टक् करायचे. की आलीच सगळी.

तातेराव : ते पिल्लं व्हती तवा. दादा तर भादव्यात गेला. तवर पंख फुटले व्हते यांना.

भिकाबाई : थोरल्या मालकांनी पोळ्याच्या आधीच खायला टाकनं बंद केलं व्हतं. म्हनले, भिकाबाई, आता ही रानाची, आपली न्हाईत.

तातेराव : मंग आजवर खायाला घालतंय कोन?

भिकाबाई : आता मी काय सांगू.

तातेराव : काहून? तुझ्याच कोंबडीची लेकरं न्हवं?

नर्मदा : भिकाबाईंना नका विचारू. मी घालते.

तातेराव : तू?

नर्मदा : आबांचं तेरावं झाल्यावर एकदा इकडं आले होते. उगीच टक् टक् करून बघितलं, त्यांच्यासारखं. गवत हललं आणि सगळी धावत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. येतात का, एवढंच बघायचं होतं.

तातेराव : आन् मंग रोजच.

नर्मदा : रोज.

तातेराव : मला वाटायचं, सकाळी देवळात जातीस.

नर्मदा : देवळात मी आवाज दिला तर कोण येणार होतं, काका?

तातेराव : बरं. ऐक पोरी. मी वकीलसाबांना निरोप धाडतो, येऊ नका म्हनून.

नर्मदा : आणि माळ?

तातेराव : माळाचं सांगितलं तुला.

नर्मदा : मग निरोप नको. भिकाबाई, यांना माणसाची भीती घालता येईल का? दोन दिवसांत?

भिकाबाई : माझी पोरं ढेकळं मारतील की.

नर्मदा : पोरांना भितील. मी दिसले की परत येतील.

भिकाबाई : ते बी खरंच. आन् आवाजाला तर येतीलच. कुन्या पाव्हन्यानं जीभ वाजवली तरी येतील.

नर्मदा : म्हणजे आवाजही मीच द्यायचा. आणि ढेकूळही मीच मारायचं.

भिकाबाई : बाई, भ्याली तर परवा पळतील तरी. बारातून काही सुटतील.

तातेराव : काही न्हाई, बरीच सुटतील. वकीलसाबांचा नेम मला ठाव हाय. गेल्या साली कुरुंद्याला सशावर बार काढला अन् छर्रे माझ्या फेट्यात.

नर्मदा : सरका मागं जरा. टक्, टक्, टक्.

भिकाबाई : आली. सगळी आली. मारा, बाई.

नर्मदा : टक्, टक्.

भिकाबाई : मारा न्हवं! पायावर चढून राहिली ती.

तातेराव : नर्मदे, आन ते ढेकूळ इकडं. मी मारतो.

नर्मदा : तुमच्या आवाजाला आली नाहीत ती, काका.

भिकाबाई : मारलं बाईनं! गेली! याडीये, माय गं, काय आवाज झाला पंखांचा! पार नाल्यापल्याड गेली बघा!

तातेराव : वा! अशी उडाली तर मेहमान दर साली येतील. बघितलंस का, नर्मदे? बघ की वर!

भिकाबाई : मालक, हळू. एक ऱ्हायलंय. तिथंच, बाईच्या पायाशी.

तातेराव : एक ऱ्हाईना का. राहू दे तुला तेवढं.

नर्मदा : परवा हेच आधी बंदुकीपुढं जाईल. भिकाबाई, अजून एक ढेकूळ द्या. भुसभुशीत बघून द्या.