भोक असलेलं झाकण

पुरवणी जबाब. मी, कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील परिचर, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कॉलेजमागील कर्मचारी वसाहत, खोली नंबर ६, आज दिनांक २० रोजी सकाळी साडेदहा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी सदर प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षे काम करते. बाटल्या धुणे, मांडणे, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणे हे माझं काम. मुलं मला मागून फौजदारबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. माझ्या कपाटात एक बाटली तिरकी दिसायची नाही. मला काही टाकवतही नाही. जुनी झाकणं, बुचं सगळं मी एका खणात जपून ठेवते.

दिनांक ७, शुक्रवारी प्रॅक्टिकलला हायड्रोजन पेरॉक्साइड लागलं. दिसायला पाणी, पण भलतं कडक. थेंबभर टाकलं की समोरच्या द्रावणाचा रंग पालटतो आणि बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडते. आमच्या प्राध्यापिका मॅडम, वय ३४, यांनी ते स्वतः मापून मुलांना दिलं, बाटली बंद केली आणि चार वाजता त्या घरी गेल्या.

त्यानंतर मी आवराआवर केली. दोन भांड्यांत पेरॉक्साइड उरलं होतं. उरलेलं परत ओतायचं नाही, असं मॅडमनी मला दोनदा बजावलं होतं. तरी मी ते बाटलीत परत ओतलं. तेव्हा झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक दिसलं. मी म्हटलं, काय मेला हा माल, नव्या बाटलीला फुटकं झाकण! मी माझ्या खणातलं चांगलं जाड झाकण काढलं, कापडाने धरून घट्ट पिळलं आणि बाटली कपाटात ठेवली. कोणाला विचारलं नाही. झाकण बदलायला मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

दिनांक १०, सोमवारी सकाळी सव्वाआठला मॅडम आल्यावर कपाट उघडलं तर त्या प्लास्टिकच्या बाटलीचं पोट फुगलेलं. मी म्हटलं, "मॅडम, हे बघा काय झालंय." आणि उचलायला हात पुढे केला. मॅडमनी मला खांद्याला धरून मागे ढकललं. "मावशी, हात नका लावू!" एवढं बोलतायत तोवर बाटली फुटली. सगळं त्यांच्या तोंडावर उडालं. माझा नुसता पदर भिजला. मी त्यांना नळाखाली धरलं, बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्या. त्या ओरडल्या नाहीत. "मावशी, तुम्हाला लागलं का?" असं पाण्याखालूनच विचारत होत्या.

दिनांक ११ च्या जबाबात मी सांगितलं की बाटली कशाने फुटली ते मला माहीत नाही. तेव्हा ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात चौकशीला आलेले तज्ज्ञ साहेब म्हणाले की या बाटलीच्या झाकणाला भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आत वायू तयार होत राहतो, उरलेलं परत ओतलं तर जास्तच, तो बाहेर जायला. त्या दिवसापासून माझा जबाब खोटा आहे. प्राचार्य म्हणाले, "मावशी, तीन महिन्यांवर निवृत्ती आली, विचारतील तेवढंच सांगा." मला तेवढं निमित्त पुरलं. मी भ्याले.

बाटली शेवटची मॅडमनी बंद केली हे मुलांनी सांगितलं, म्हणून दोष त्यांच्यावर आला. दिनांक २२ ला समिती त्यांना कामावरून काढणार, असं ऑफिसात बोलतात.

काल दुपारी मी हॉस्पिटलात गेले होते. डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. दोन्हींवर पट्टी आहे. त्यांची आई चमच्याने भरवत होती. मॅडम म्हणाल्या, "मावशी, दुसऱ्याच बाटलीचं झाकण मी लावलं असणार. दिवसभर आठवून बघते, पण मला काही केल्या आठवत नाही हो." आई म्हणाली, रोज हेच चाललंय. मी म्हटलं, "आता झोपा." याहून मोठं पाप माझ्या हातून झालेलं नाही, झाकणाचंसुद्धा नाही.

भोक असलेलं झाकण मी टाकलेलं नव्हतं. माझ्या खणातच होतं. ते रुमालात बांधून आणलं आहे, ते हजर करते. मॅडमना हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये. इथून मी सरळ त्यांच्याकडे जाणार आहे.

हवालदार साहेबांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी माझी दया येऊन "जाड झाकण घाईत काढलं" असं लिहिलं होतं. "घाईत" मी खोडायला लावलं. मला घाई नव्हती. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आहे.