एका चारीतल्या तीन लाइनी

रविवार, सकाळ. ठिकाण: न्हावरे, रशीदभाईंच्या घराची ओसरी. हजर: रशीद शेख, वय पन्नाशीच्या पुढे, फायबर जोडण्याचं काम, नव्याने रुजू झालेले तिघे, आणि मी, शिरूरच्या कंट्रोल रूमची शिंदे. घरातली माणसं कामात होती, त्यांना हजेरीत धरलेलं नाही. विषय: लांबलांबची ऑफिसं जोडणाऱ्या लाइनी आणि त्यांचे प्रकार. मी प्रश्न काढून नेले होते. पहिलाच विचारून झाला. पुढचं सगळं रशीदभाईंचं.

आमचं मूळ शिरूरचं. वडिलांचा बांगड्यांचा धंदा, आज मांडवगणचा बाजार, उद्या पाबळचा, बांगड्यांचं ओझं घेऊन यश्टीनं फिरायचे. मला बांगड्यांचं भ्या वाटायचं, हातात फुटली म्हंजी रक्त आन् वर वडिलांची बोलणी. म्हणून मी तारांच्या धंद्यात गेलो, आन् बघा, शेवटी काचच आली नशिबाला, फायबर म्हंजी काचच की, केसाएवढी. आधी टीव्हीच्या केबली वढल्या घराघरांवरनं, मग टेलिफोनच्या कंत्राटदाराकडं लागलो, तवापासनं हेच.

आता ह्या पोरांना सांगतो. एका ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले तर ते आपल्या छपराखालचं काम हाय, भिताड आपलं, तार आपली. पण शिरूरचं ऑफिस दौंडला जोडायचं म्हंजी मधी रानं आली, वढे आले, भीमा आली, सरकारी रस्ता आला, तिथं आपली तार न्हाई टाकता येत, कुणाची तरी भाड्यानं घ्यावी लागती. ही भाड्याची लांब लाइन, तिच्यावर आपली सगळी नोकरी. आन् काय सांगू तुम्हाला, परत्येक लाइनीला तिचं तिचं एक भ्या असतंय.

पहिली तांब्याची लीज लाइन. दोन तारा, दोन टोकाला दोन मोडेम, मधी दुसरं कुणी न्हाई, चोवीस तास आपलीच. पण वीज कडाडली की तारेवाटं घरात यायची, एकदा मोडेम माझ्या डोळ्यांदेखत काळा पडला, त्या दिवसापासनं ढग आले की मी हात मागं घेतो. दुसरी डिश. आभाळातल्या उपग्रहाशी बोलायचं, खणणं न्हाई, परवानगी न्हाई, डोंगरात बी चालती, पण बोललेलं जाऊन यायला येळ लागतो आन् जोराचा पाऊस आला की मुकी व्हती. तिसरी रेडिओ लिंक, दोन मनोऱ्यांवर दोन ताटं, एकमेकांकडं तोंड करून. मधी झाड वाढलं तरी तुटती. तिथं मनोऱ्यावर चढायचं. मी चढायचो, पण खाली बघायचो न्हाई. बायको म्हणायची, एवढं भ्या वाटतं तर करता कशाला. मी म्हणायचो, भ्या वाटतं म्हणूनच पट्टा नीट बांधतो.

मग फायबर आली. आता तीच घेत्यात सगळे. तिच्यावर बी प्रकार हायेत. एक म्हंजी कंपनीची स्वतःची वाट, आपला माल दुसऱ्याच्या गर्दीत जात न्हाई, शाखा कितीबी असू द्या, कंपनी आतल्या आत पोचवती. दुसरी साधी इंटरनेटची लाइन, घरात असती तसली, तिच्यात कुलूपबंद पाकीट करून आपला माल सोडायचा. स्वस्त पडती, पण गर्दी झाली की खोळंबा. आन् तिसरी सिमकार्डाची, मोबाईलच्या टॉवरवरची, अडीअडचणीला.

आपल्या हॉस्पिटलच्या कामात ह्या तिन्ही घेतल्या व्हत्या. मोठं हॉस्पिटल शिरूरला, छोटी शाखा नदीपलीकडं दौंड तालुक्यात. तिथं एकच डॉक्टर, नवीन, पोरसवदा. छातीत दुखणारा पेशंट आला की ईसीजी मशीनची पट्टी लाइनीनं शिरूरला यायची, इथले हार्टवाले डॉक्टर बघायचे, व्हय म्हणायचे, मगच तिकडं गुठळी इरघळायचं इंजेक्शन. चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्त सांडतं, म्हणून इचारल्याबिगर द्यायचं न्हाई, असा नियम. त्याच्यासाठी एक लाइन ह्या कंपनीची, एक त्या कंपनीची, वर सिमचा राउटर. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. मॅडम, तुमच्या स्क्रीनवर तीन हिरवे दिवे. किती बरं वाटायचं बघून.

पण जमिनीत काय व्हतं? आपल्याकडची रीत तुम्हाला ठाव हाय. चारी खणायची म्हंजी रस्तावाल्यांची परवानगी, मग ज्याच्या बांधाला लागून जाती तो आडवा येणार, त्याची समजूत, मग त्याच्या चुलत्याची. एका कंपनीच्या कंत्राटदारानं हे सगळं केलं की दुसरा येतो, म्हणतो, भाऊ, चारी उघडीच हाय तर माझी बी नळी टाकू दे. तो म्हणतो, टाक की, जेवण तुझ्याकडं. कुणाला त्यात चूक वाटत न्हाई, एकाच शेतकऱ्याशी दोनदा कोण भांडणार. मोबाईलच्या टॉवरला जाणारी काच बी त्याच नळीत. वर तीन दिवे, खाली एक चारी.

उसाचा हंगाम चालू व्हता. ही तिच्या धाकट्या भावाकडं गेली व्हती, इक्बालकडं, नदीपलीकडं, तो तिला आपा म्हणतो. दुपारी मी तुमच्या ऑफिसात जोडाचं मशीन पुसत बसलो व्हतो, इक्बालचा फोन आला. भाऊजी, आपाच्या छातीत दुखतंय, शाखेत आणलीय, वायरी लावल्यात, पट्टी आता शिरूरला पाठव... आन् फोन बंद. मी परत लावला, लागंना. आन् तुम्ही खुर्चीतनं उठला, मॅडम, तुमचं तोंड मला अजून दिसतं. तुम्ही म्हणाला, रशीदभाई, शाखेच्या तिन्ही लाइनी लाल झाल्यात.

तवा मला कळलं, फोन का बंद झाला ते.  मी म्हणालो, मी तिच्याकडं जातो. तुम्ही म्हणाला, पट्टीचा कागद आणायला गाडीत माणूस पाठवते, पण रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या हायेत, त्याच्या आधी तुम्ही तुटलेल्या ठिकाणी पोचाल. तुम्ही डॉक्टर न्हाई, तिथं जाऊन काय करणार. बरोबर बोलला. पण त्या येळेला लई राग आला तुमचा, आज सांगतो.

मोजायच्या मशीननं तूट भीमेच्या पुलाच्या अलीकडं दावली. गेलो तर जेसीबी उभा, आन् बांधावर त्या रानाचे मालक, म्हातारे आबा, उसाला पाण्याची पाइपलाइन टाकत व्हते. चारीत दोन्ही नळ्या फाटलेल्या, भगवी आन् निळी, एकमेकींत गुतलेल्या. आबा म्हणाले, मला वाटलं जुनी ठिबकची नळी. मी म्हणालो, आबा, माझी बायको पलीकडं झोपवलीय, तिची पट्टी ह्याच्यातनं जाती. म्हातारा लगेच वळला. जेसीबीवाल्याला म्हणाला, बंद कर रे ते धूड.

काच जोडायची म्हंजी सोलायची, पुसायची, सरळ कापायची, मशीनमधी दोन टोकं समोरासमोर धरायची, मशीन ठिणगी देतं आन् टोकं एक व्हत्यात. धुळीचा कण बसला की मशीन न्हाई म्हणतं. वारं सुटलेलं, उसाच्या पाचटाची धूळ. मशीन न्हाई म्हणालं. परत केलं, परत न्हाई. आबा झोपडीतनं गोधडी घेऊन आले, एक टोक जेसीबीवाल्याकडं, एक स्वतः धरलं, माझ्या डोक्यावर छप्पर केलं आन् म्हणाले, घाई करू नको लेका, पर लौकर कर. आता हसू येतं. तवा न्हाई आलं.

रिवाजाप्रमाणं काचा रंगाच्या क्रमानं जोडायच्या. नदीच्या अलीकडं फोन चालू व्हता, तुम्ही म्हणाला, क्रम राहू द्या, आधी हॉस्पिटलची जोडी. जोडली. तुम्ही म्हणाला, एक दिवा हिरवा झाला. मग म्हणाला, पट्टी आली, डॉक्टर बघतायत.  मी इचारलं, काय म्हणाले, तर तुम्ही म्हणाला, इंजेक्शन द्या म्हणालेत, पुढचं तिकडनं अजून काही न्हाई.

आता पुढची काच टॉवरची व्हती. ती जोडली की पलीकडचे फोन चालू. ती हातात घेतली आन् मॅडम, मला तिचंच भ्या वाटायला लागलं. फोन बंद हाय तवर ती जिती हाय. जोडली की इक्बाल बोलणार, आन् काय बोलणार. मी तशीच धरून बसलो. आबांचे हात वर धरून दुखले असतील, पण त्यांनी गोधडी खाली केली न्हाई. म्हणाले, जोड. मी जोडली.

फोन लगेच न्हाई आला, टॉवरला जागं व्हायला येळ लागतो. मग आला. इक्बालच, रडत व्हता, मला काय कळंना. मग त्याच्याकडनं कुणीतरी फोन घेतला. जेवलात का, म्हणाली.

ती आत चपात्या लाटतीय ती तीच. पुढं पुण्याला न्हेली, छातीत जाळी बसवली. आता गोळ्या चुकवती आन् माझ्यावर चिडती. आत्ताच आतनं म्हणाली, सगळ्यांना तीच कथा सांगत बसा, चहा गार व्हतोय.

पण भ्या गेलं न्हाई. जेसीबीचा आवाज आला की मी घास टाकून उठतो. भीमेच्या त्याच पुलावरनं अजून तिन्ही लाइनी जात्यात, आन् तिच्या माहेरची वाट बी तीच. पोरांनो, दिवे मोजू नका, चाऱ्या मोजा. अल्ला सगळ्यांची माणसं राखो. मॅडम, मांडवगणच्या अंगानं दुसरी चारी काढायची ठरलं व्हतं, तेवढं लिहा.

लिहिलं. त्या चारीच्या खुंट्या ठोकून झाल्या आहेत, दोरी बांधली आहे. खणायचं बाकी.