काकाजींना नाही म्हणणारं मशीन

...आणि ते मशीन पुन्हा टीं टीं करायला लागलं की सगळे माझ्याकडे बघणार, जसं काही मीच ते माहेरून आणलंय. लग्नाला दोन महिने झालेल्या सुनेनं दवाखान्यात बोलावं तरी काय?

तर तुम्हाला सांगते, सासऱ्यांना, म्हणजे किसनरावांना, मी त्यांना मामाजी म्हणते, जुलाबांनी पार लोळवलेलं, अंगातलं पोटॅशियम खाली गेलेलं. ते सलाईनमधून द्यायचं, पण अगदी हळू. जोरात गेलं तर हृदयच थांबतं, असं डॉक्टर बजावून गेले... आणि आमचे चुलतसासरे प्रभाकरराव, म्हणजे काकाजी! नाचणगावात कुणालाही सलाईन लागो, नळीचं चाक फिरवायचा मान यांचा. "जोरात सोडलं का ताकद लवकर येते." इथं चाक फिरवलं तरी थेंब ऐकेनात, कारण नळी सलाईनचा वेग ठरवणाऱ्या त्या मशीनमधून गेलेली, आणि मशीनच्या बटनांना कुलूप. दाबलं की टीं टीं. "काऊन बोंबलून राह्यलं हे?" आणि सगळे माझ्याकडे.

मग काकाजींनी मोर्चा वळवला पौर्णिमा सिस्टरकडे. "बाई, किती हळू चालून राह्यलं हे, माणूस बरा होईन का म्हातारा होईन?" ती बिचारी नवी बाटली लावतेय, पलीकडच्या खाटेवरून हाका येतायत, इकडं हे कानाशी... वेगाचा आकडा दहाच्या जागी शंभर दाबला गेला. मी पाहिलं. सांगायला पुढं झाले. तेवढ्यात मशीन, टीं टीं. कोणतं औषध किती वेगानं द्यायचं, त्याची हद्द त्यात आधीच भरलेली; पडद्यावर लाल अक्षरं, आणि सुरूच होईना. सिस्टरनं आकडा बघितला आणि खाटेचा दांडा घट्ट धरला. शून्य काढलं, दुसऱ्या सिस्टरला बोलावून पुन्हा पडताळलं, मग कुठं थेंब सुरू झाले.

"बिगडलं वाटते," काकाजी म्हणाले.

"बिगडलं नाई. तुमच्या भावाले वाचवलं त्यानं. आता तुम्ही बाहेर बसा," सिस्टरनं सुनावलं.

आणि काकाजी गेले, चक्क गेले. मामाजी डोळे मिटूनच हसले. "जल्मात पहिल्यांदा त्याले कोणी नाई म्हटलं, पोरी."

आता मामाजी घरी आहेत, ठणठणीत; फक्त तिखट अजून बंद. परवा काकाजी डबाभर झणझणीत सावजी रस्सा घेऊन दारात. "खाऊ दे त्याले, ताकद येते." सासूबाईंनी मला पुढं ढकललं, "जाय तू. मशीन तं दवाखान्यातच राह्यलं." मी पुढं गेले. "नाई काकाजी," म्हटलं. त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना विचारलं, "वहिनी, हिले बंद करायचं बटन कुठं हाय?"

तेव्हापासून सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणायचं खातं माझ्याकडे. रस्सा मात्र काकाजी ठेवून गेले, तो मी खाल्ला. पगार म्हणून.